जुनी वीजबिले

कपाट उघडण्यापूर्वी दादा हात धुवून येत. नोकरीच्या आरंभापासूनचा हा त्यांचा नेम, आणि निवृत्तीनंतरही त्यात खंड पडला नव्हता. एका अवाढव्य कचेरीच्या अभिलेखागाराचे ते अखेरपर्यंत प्रमुख होते. त्यांच्या ताब्यातील एकही कागद कधी गहाळ झाला नाही, ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत. ती सांगायला घरात पुरेसे लोक होते, आणि त्यांना विसर पडलाच तर दादा मंदपणे खाकरत.

त्या सकाळीही ते टॉवेलाला हात पुसत मधल्या खोलीत आले. मागोमाग त्यांची धाकटी बहीण आली. तिला सारे घर आत्या म्हणे. एकटे दादा तेवढे तिला साठीनंतरही चिमी म्हणत. खळ घातलेल्या पांढऱ्या साडीची तिची निरी कडक होती, आणि खोलीत शिरता शिरता तिने सोफ्यावरच्या चादरीचा एक कोपरा सवयीने ताणून आत दुमडला होता. मोठ्या रुग्णालयातील परिसेविकेच्या पदावरून निवृत्त झाल्यापासून जिच्यावर हुकूम सोडावा अशी एकही परिचारिका तिला उरली नव्हती. शेजारणींच्या पलंगपोसांपुरतेच तिचे राज्य आक्रसले होते. अशात परिचारिका विद्यालयाने शिक्षिकेच्या जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावले होते. मुलाखत आज दुपारी होती, आणि बोलावण्यात एकच अट ठळक अक्षरांत होती: नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र समक्ष दाखवावे, अन्यथा नाव वगळले जाईल.

"मूळ कागद तुझ्याकडेच आहे ना, दादा?" तिने आल्या आल्या विचारले होते.

"चिमे, माझ्या कपाटात गेलेला कागद एक वेळ मला चुकवील, कपाटाला नाही," दादा म्हणाले होते.

दादांनी जानव्याला बांधलेली किल्ली फिरवली, दोन्ही दारे उघडली, आणि ते तसेच उभे राहिले.

कपाटात एकही फोल्डर नव्हता. त्यांच्या हाताच्या वळणदार अक्षरांतील पट्ट्या नव्हत्या, दोऱ्या नव्हत्या, कापराच्या वड्या नव्हत्या. वरच्या कप्प्यात पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन डबे होते. मधल्या कप्प्यात, मखरात मूर्ती बसवावी तशी, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी एक काळी डबी ठेवली होती. खालचा कप्पा रिकामा होता आणि त्याला नव्या रंगाचा वास येत होता.

"चोरी?" दादांनी क्षीण स्वरात विचारले.

"चोरी नाही, दादा. व्यवस्था!" दारातून सूनबाईंचा आनंदी आवाज आला.

घराच्या रंगकामाच्या काळात खोकल्याच्या भयाने दादांना आत्याकडे धाडण्यात आले होते. ते आदल्या सायंकाळीच परतले होते. मधल्या काळात सूनबाईंनी जे आरंभून सिद्धीस नेले, ते दादांना अकस्मात दाखवून चकित करायचे, असा तिचा बेत होता. तो पुरता साधला होता.

"किल्ली तर माझ्याकडे होती," दादा म्हणाले.

"रंगाऱ्यानं कपाटाची मागची फळी काढली होती," चिरंजीवांनी खुलासा केला. दादांचा हा एकुलता मुलगा चष्म्याचे दुकान चालवी, आणि घरातील प्रत्येक वादात जी बाजू त्या क्षणी जिंकत असेल तिला त्याचा मनःपूर्वक पाठिंबा असे. "तिनं सगळं स्कॅन केलंय, दादा. आता कपाट उघडायचीसुद्धा गरज नाही."

दादांनी कपाटाकडे पाहिले. उघडण्याची गरज नसलेले कपाट ही कल्पना त्यांच्या बुद्धीत शिरेना.

"हे बघ, मला ते स्कॅन-बिन नको," आत्या घड्याळाकडे पाहत म्हणाली. "मला माझा मूळ कागद पाहिजे. उशीर झाला तर त्या बाया माझं नाव खोडून मोकळ्या होतील. दुसरी प्रत मिळवायची तर परिचारिका परिषदेच्या कचेरीत महिनोन्‌महिने खेटे. तोवर जागा राहील का?"

"मूळ कागद डब्यात आहेत, आत्या. कुठला कागद कुठल्या डब्यात, ते संगणकावर आहे. दोन मिनिटं बसा."

सूनबाई विमा कंपनीत दाव्यांचे दफ्तर सांभाळी. कागदांच्या अराजकात तिने आजवर भल्याभल्यांना वळण लावले होते, आणि या घरात लग्न होऊन आल्यापासून ते कपाट तिला खुणावत होते. त्याबद्दल तिला खरोखर आदरच वाटत होता. सासऱ्यांच्या पट्ट्यांवरील अक्षर पाहून तिने मनोमन हात जोडले होते. म्हणूनच तिने आपली अक्कल चालवली नाही. दादांनी फोल्डरांना जी नावे दिली होती, तीच संगणकावरील फोल्डरांना अक्षरशः दिली. जे दादांनी महत्त्वाचे म्हटले ते आधी, जे दादांनी किरकोळ म्हटले ते नंतर, आणि जे दादांच्याच पट्टीवरून टाकाऊ ठरत होते त्याला तिने स्कॅनरचा प्रकाश दाखवला नाही. आज्ञाधारकपणाचे याहून मोठे उदाहरण तिला तरी ठाऊक नव्हते.

सारे संगणकाभोवती जमले. आत्या खुर्चीवर, दादा तिच्यामागे, चिरंजीव पत्नीच्या खांद्याशी.

"हा बघा. ‘अत्यंत महत्त्वाचे’. याच्या मी तीन प्रती केल्यात. एक इथे, एक त्या काळ्या डबीत, एक माझ्या ऑफिसच्या कपाटात. शिवाय पासवर्ड."

"वा!" चिरंजीव म्हणाले.

‘अत्यंत महत्त्वाचे’ या शब्दांसरशी दादांच्या मुद्रेवर विचित्र छटा येऊन गेली. परंतु ते मागे उभे असल्याने ती कुणी पाहिली नाही.

पासवर्ड पडला. फोल्डर उघडला. त्यात ‘मूळ प्रतींवरून तपासलेले’ असा दुसरा फोल्डर होता, आणि त्याच्याही आत तिसरा. अखेरीस पहिला कागद पडदाभर झाला.

ते बंद पडलेल्या मिक्सरचे गॅरंटी कार्ड होते.

"हं, हे चुकून वर आलं असेल," सूनबाई म्हणाली, आणि पुढचा कागद आला. त्यावर शाम्पूची जाहिरात होती. त्यापुढे अनोळखी कुणाच्या तरी लग्नाचे निमंत्रण, त्यापुढे एका इस्त्रीवाल्याच्या तात्पुरत्या स्थलांतराची सूचना, आणि त्यापुढे रंगांच्या छटांचा तक्ता, ज्यातील एकही रंग घराला कधी दिला गेला नव्हता.

"तीन प्रती," आत्या शांतपणे म्हणाली. "आणि पासवर्ड."

"पण पट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं! दादांच्याच अक्षरात. लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून!" सूनबाई वळली. "दादा?"

दादा खाकरले. पण ते खाकरणे नेहमीचे नव्हते.

"ते… चोरांसाठी होतं," ते म्हणाले.



"कुठल्या चोरांसाठी?" चिरंजीवांनी विचारले.

"नोकरीला लागलो त्या वर्षी दफ्तर फुटलं होतं. चोरानं एवढ्या रॅकांतून नेमकी ‘गोपनीय’ लिहिलेली धारिका उचलली. शेजारी ‘जुने हजेरीपट’ पडले होते, त्यांना हातसुद्धा लावला नाही. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. चोराला वाचता येतं." दादांचा आवाज हळूहळू व्याख्यानाच्या लयीत येऊ लागला. "तेव्हापासून माझा नियम आहे. घरात जे जितकं मोलाचं, त्याचं नाव तितकं हलकं. आणि ज्याला काडीची किंमत नाही, ते ‘अत्यंत महत्त्वाचे’. चोर आला तर मिक्सरचं गॅरंटी कार्ड घेऊन जाईल."

"म्हणजे मी चोरासारखी वागले?" सूनबाईचा आवाज चढला.

"छे, छे! पद्धत यशस्वी झाली, एवढंच माझं म्हणणं आहे."

"दादांची योजना तशी चोख आहे, अगं," चिरंजीव म्हणाले. पत्नीने नुसते पाहिले. "म्हणजे चोख होती," ते म्हणाले.

"आणि हे कुणाला सांगून ठेवावंसं वाटलं नाही तुला?" आत्याने विचारले.

"सांगायचंच असतं तर खरी नावंच लिहिली नसती का, चिमे?"

सूनबाईंच्या मनात आता एकेक कवाड उघडू लागले होते. "दादा, आमच्या लग्नाचा दाखला कुठल्या फोल्डरमध्ये होता?"

"‘किरकोळ तक्रारी’," दादा म्हणाले, आणि तिचा चेहरा पाहून घाईने पुढे बोलले, "पोरी, तो फार वरचा मान आहे! माझ्या नेमणुकीचा कागदसुद्धा ‘बसची वेळापत्रके’ यात आहे. तुमचा त्याच्या वर ठेवला मी."

तिला राग यायचा होता. पण मध्येच तिला हसू आले, आणि ते आवरण्यासाठी तिने संगणकाकडे तोंड फिरवले.

"माझं प्रमाणपत्र," आत्या एकेक शब्द सुटा करीत म्हणाली, "कुठल्या नावाखाली आहे?"

"घराची कागदपत्रं आणि कचेरीनं दिलेलं माझं मानपत्र ज्यात ठेवलं, त्यातच. सगळ्यांत सुरक्षित." दादांनी मान किंचित उंचावली. "‘जुनी वीजबिले’."

सूनबाईंचे हसू जागीच गोठले.

"घराची कागदपत्रं बँकेच्या कामाला गेल्या महिन्यात तुम्हीच काढून दिली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "ती माझ्याकडे आहेत. पण ‘जुनी वीजबिले’… दादा, जुनी वीजबिलं कोण ठेवतं? मी ती परवा रद्दीच्या ढिगावर ठेवली. काल रद्दीवाला येऊन गेला."

 आत्याने मांडीवरच्या पदराचा कोपरा धरला आणि तो पलंगपोसाच्या कोपऱ्यासारखा घट्ट दुमडला, मग सोडला, मग पुन्हा दुमडला. पाऊण आयुष्य तिने इतरांच्या आजारपणात पाय रोवून काढले होते. पुढल्या महिन्यापासून आपण पुन्हा सकाळी लवकर उठू, मुलींच्या रांगेपुढे उभ्या राहू, हात कसे धुवायचे ते दाखवू, असे तिने गेले काही दिवस आरशासमोर उभे राहून बोलूनही पाहिले होते. हे दादांना ठाऊक होते. आठवडाभर तिच्या घरी राहताना भिंतीपलीकडून त्यांनी ते ऐकले होते.

"दादा, चूक तुमची आहे," सूनबाई म्हणाली.

"रद्दीत मी नाही टाकली."

"टाकाऊ असं तुम्ही लिहिलंत!"

"टाकाऊ नाही, जुनी वीजबिले. कचेरीत जुनी बिलं शंभर वर्षं जपतात."

"हे घर आहे, दादा, कचेरी नाही," आत्या म्हणाली. एरवी या घरात सूनबाईंच्या प्रत्येक कामात चूक काढणारी आत्या तिच्या शेजारी सरकून बसली, आणि सूनबाईंनी तिचा हात धरला. असे यापूर्वी कधी घडले नव्हते. चिरंजीवांनी नव्या पक्षाचे बळ अजमावले आणि तेही दोन पावले तिकडे सरकले. दादा उघड्या कपाटापाशी एकटे उरले.

याच वेळी शिवणाच्या खोलीच्या दारात वहिनी येऊन उभी होती. दादांची ही पत्नी. पण तिला तिचा मुलगाही वहिनीच म्हणे. तिच्या हातात मोठी कात्री होती. तिने संभाषणाचा उत्तरार्ध ऐकला होता.

गोष्ट अशी होती. कपडे बेतण्यासाठी लागणारा तिचा जाड कागद रंगकामाच्या पसाऱ्यात संपला होता. परवा ओटीवर रद्दीचा ढीग पाहिला, त्यात एक निळा, भक्कम पुठ्ठ्याचा फोल्डर दिसला. आतला एक कागद बोटांत धरून पाहिला तो छान जाड, न चुरगळणारा. सूनबाईंनी रद्दीत टाकले म्हणजे रद्दीच असणार. तिने तो फोल्डर उचलून आत नेला. त्यावर काय छापले आहे हे तिने वाचले नाही, कारण तिचा चष्मा दुरुस्तीसाठी गेला होता, तो अद्याप आलाच नव्हता.

आता बोलावे तर कात्री हातात होती. न बोलावे तर नणंदेच्या हातातला तो पदर दिसत होता.

"वन्सं," ती म्हणाली, "प्रमाणपत्राला वर मध्यभागी गोल शिक्का आहे का? खरखरीत, उठावाचा?"

सगळ्यांनी माना वळवल्या.

"आहे!" आत्या म्हणाली.

"मग ते आहे. रद्दीवाल्याकडे नाही गेलं. म्हणजे… या तुम्ही आत. पण आधी कुणी रागावायचं नाही."

"वहिनी, तू कापलंस का काही?" चिरंजीवांनी विचारले.

"मी आधी कुणी रागावायचं नाही म्हटलं ना!"

शिवणाच्या टेबलावर कापडांच्या घड्यांखाली तो निळा फोल्डर होता, आणि त्यावर दादांच्या वळणदार अक्षरांत ‘जुनी वीजबिले’ असे लिहिले होते. वहिनीने आतून एक कागद अलगद काढला. आत्याचे तरुणपणीचे नाव, शिक्का, सही, सारे जागच्या जागी होते. मात्र त्या साऱ्यावरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, निळ्या खडूने एका कॉलरची सुरेख वळणदार आकृती काढलेली होती.

"आखलं होतं फक्त," वहिनी म्हणाली. "कापणार तेवढ्यात बोटाला तो शिक्का लागला. म्हटलं, इथे कात्री अडकेल. म्हणून दुसरा कागद घेतला."

"दुसरा कुठला?" दादांनी विचारले.

 वहिनीने फोल्डरातील उरलेला कागद पुढे केला. सोनेरी वेलबुट्टीची चौकट असलेला तो जाड कागद होता, आणि त्याच्या पोटातून अर्धचंद्राकार तुकडा नाहीसा झालेला होता. ‘आपल्या निष्कलंक सेवेत एकही’ इतके शब्द कापलेल्या जागेच्या डावीकडे उरले होते आणि ‘झाला नाही’ इतके उजवीकडे.

"माझं मानपत्र!" दादा म्हणाले.

"चष्मा नव्हता हो. तुमच्या चिरंजीवांच्या दुकानात महिना झाला दुरुस्तीला टाकलाय. रोज म्हणतो, आज आणतो."

"आज आणतोच," चिरंजीव खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"आणि तो कापलेला तुकडा?"

"त्यावरून बेतली की. तुम्ही घरी येणार म्हणून नवा सदरा शिवला ना." वहिनीने त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवले. "छान बसलीय. कुठे सुरकुती नाही."

दादांचा हात आपसूक कॉलरवर गेला. आत्या प्रथम हसली. मग सूनबाई, मग चिरंजीव, आणि सगळ्यांत शेवटी, कॉलर चाचपीत, दादा.

"मानपत्र म्हणजे मानेसाठीच, दादा," आत्या म्हणाली. "आता सरक. मला उशीर होतोय."

खडूची रेघ पुसू नये असा निर्णय झाला. पुसताना शिक्का बिघडला असता. सूनबाईंनी पारदर्शक आवरण पुढे केले, पण आत्याने निळा फोल्डरच बगलेत मारला. "याच्यात वाचलाय ना माझा कागद? मग याच्यातच जाईल."

आत्या मुलाखतीला गेली. दादा कपाटासमोर खुर्ची घेऊन बसले. सूनबाई त्यांच्या शेजारी वही न घेता, नुसते कान देऊन बसली, आणि दादा एकेक खोटे नाव उच्चारून त्यामागचे खरे सांगत गेले. आयुष्यात प्रथमच. ‘गंजलेले खिळे’ म्हणजे चिरंजीवांच्या जन्माचा दाखला. ‘पावसाळी गटारे’ म्हणजे वहिनीने लग्नाआधी काढलेली चित्रे. वहिनी हे आतून ऐकत होती. तिचे यंत्र मध्येच थांबले आणि मग पुन्हा चालू लागले.

दिवस कलताना आत्या आली. तिच्या चालण्यावरूनच सर्वांना कळले, तरी सर्वांनी थांबून तिला सांगू दिले.

"अध्यक्षबाई फोल्डर हातात घेऊन म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही चुकून वीजबिलं आणलीत.’ मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांत मोलाच्या कागदांना असंच म्हणतात. मग त्यांनी खडूची रेघ बघितली. म्हणाल्या, ‘हे काय?’ म्हटलं, कॉलर. ‘कुणाची?’ म्हटलं, माझ्या दादाची. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता झालं. तेवढ्यात शेजारच्या सरावाच्या खोलीत एका मुलीनं घातलेली चादर मला दिसली. कोपरा लोंबत होता."

"तुम्ही गेलात?" सूनबाईंनी विचारले.

"न जाऊन सांगते कुणाला? पाच मुली गोळा झाल्या. कोपरा कसा घालायचा ते दाखवलं, पुन्हा विस्कटला, त्यांच्याकडून घालून घेतला. वळून बघते तर सगळी समिती दारात." तिने फोल्डरातून एक नवा, कोरा करकरीत लिफाफा काढला. "एक तारखेपासून."

वहिनीने तिला पोटाशी धरले. चिरंजीवांनी, सारे आपणच घडवून आणल्याच्या आविर्भावात, टाळी वाजवली.

आत्याने तो लिफाफा दादांपुढे धरला. "घे. जपून ठेव."

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे?"

दादा उठले. हात धुऊन आले. सूनबाईंनी नवा फोल्डर आणि छापलेली पट्टी तयार ठेवली होती: ‘आत्या: नियुक्तिपत्र’. दादांनी ती पट्टी वाचली, आदराने बाजूला ठेवली, आणि दौतीत लेखणी बुडवली.  सूनबाई संगणक सुरू करून, नवा फोल्डर उघडून, दादा काय लिहितात ते पाहत नाव देण्यासाठी बोटे कळफलकावर ठेवून थांबली. सारे घरच थांबले होते. दादा किती खाली उतरतात, एवढाच प्रश्न होता.

दादांनी संथपणे, एकेक वळण सांभाळीत, तीन अक्षरे लिहिली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

आत्याने वाकून वाचले. ‘टाकाऊ’.

सूनबाईंनी तेच तीन अक्षरांचे नाव संगणकावर दिले, आणि न सांगता त्याच्या तीन प्रती केल्या.

आत्याचे डोळे भरून आले होते. ते लपवण्यासाठी तिने टेबलावरच्या कापडाचा कोपरा नीट केला.

"दादा," ती म्हणाली, "आईचा तो एकच फोटो आहे ना, विहिरीपाशी उभी असलेला. तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे?"

"‘फुटक्या बरण्या’."

"म्हणजे मी आईच्याही वर?"

दादांनी फोल्डर कपाटात ठेवला, दार लावले, किल्ली फिरवली.

"आजच्यापुरती," ते म्हणाले.